पाच वाक्यांचे पत्र आणि मज्जातंतूंची वेदना : अफूजन्य वेदनाशामकांवरील संशोधनाची एक चिकित्सा

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकाच्या १० जानेवारी १९८० च्या अंकात, संपादकांना आलेल्या पत्रांच्या सदरात, पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक हे त्याचे लेखक. बोस्टन येथील औषध-निरीक्षण प्रकल्पाच्या नोंदींत रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांची माहिती होती. त्यांपैकी ११,८८२ जणांना किमान एकदा अफूजन्य औषध मिळाले होते आणि पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्या रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन जडल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद आढळली, एवढाच पत्राचा आशय होता. लेखकांचा निष्कर्ष रुग्णालयात दिल्या जाणाऱ्या औषधांपुरता मर्यादित होता. पत्रात औषधाची मात्रा नव्हती, किती दिवस दिले हे नव्हते आणि घरी गेल्यावर रुग्णाचे काय झाले याचाही उल्लेख नव्हता. ‘किमान एकदा’ या शब्दांत शस्त्रक्रियेनंतरचे एकच इंजेक्शन घेतलेला रुग्णही बसतो.

पुढील साडेतीन दशकांत या पत्राला जे भाग्य लाभले ते थोड्याच संशोधन-निबंधांच्या वाट्याला येते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांपैकी ४३९ ठिकाणी, म्हणजे ७२.२ टक्के वेळा, ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून ते उद्धृत झाले होते आणि ४९१ ठिकाणी, म्हणजे ८०.८ टक्के वेळा, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच सांगितलेली नव्हती. १९९० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने या पत्राला विस्तृत अभ्यास म्हटले, तर २००१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला युगप्रवर्तक अभ्यासाचा दर्जा दिला. अखेरीस २०१७ मध्ये संपादकांना मूळ पत्रावर सावधगिरीची टीप जोडावी लागली. येथे पोर्टर आणि जिक यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले. ज्यांनी न वाचता लिहिले त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

अफूजन्य वेदनाशामकांच्या इतिहासाचे विवेचन बहुधा औषध-कंपन्यांच्या लोभापाशी येऊन थांबते. तो लोभ खरा आहे आणि न्यायालयात सिद्धही झालेला आहे. ‘ऑक्सिकॉन्टिन’ या गोळीची उत्पादक असलेल्या पर्ड्यू समूहातील कंपनीने २००७ मध्ये या औषधाबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा मान्य केला आणि २०२० मध्ये पर्ड्यूने पुन्हा गुन्हे कबूल केले. परंतु कंपनीला हाताशी धरता आले ते साहित्य विद्यापीठीय संशोधनानेच पुरवले होते. प्रस्तुत लेखात त्या साहित्याचा परामर्श घेतला आहे. या क्षेत्रातील बहुतेक प्रयोग आपापल्या जागी प्रामाणिक होते. प्रयोगाकडून निष्कर्षाकडे आणि निष्कर्षाकडून संदर्भाकडे जाताना मात्र त्यांच्या अटी एकेक करून गळून पडल्या. त्याची सर्वांत मोठी झळ मज्जातंतूंना इजा झालेल्या रुग्णाला बसली, कारण त्याची वेदना मुळातच निराळ्या जातीची असते.

‘वेदना’ या एका शब्दाखाली काय काय मोडते

मराठी माणूस वेदनेबद्दल बोलताना सहसा ‘वेदना’ हा शब्द वापरत नाही. गळू ठसठसते, दाढ ठणकते, पाठीत उसण भरते, पोटात कळ येते. नागीण बरी झाल्यावर कातडीची आग होते, सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही. मधुमेही माणसाच्या तळपायाला मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, आणि गंमत अशी की तोच पाय बधिरही असतो. या शब्दांत एक वर्गीकरण दडलेले आहे. ठसठस आणि ठणका हे इजा झालेल्या ऊतींचे संदेश होत आणि ते वाहून नेणारी मज्जासंस्था तेथे शाबूत असते. आग, मुंग्या आणि विजेसारखी चमक यांत मात्र संदेश वाहून नेणारी तारच बिघडलेली असते. पहिल्या प्रकारात धोक्याची घंटा योग्य कारणाने वाजते. दुसऱ्यात घंटेचीच मोडतोड झालेली असते.

वैद्यकानेही हा भेद शब्दांतूनच पकडला. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेच्या वर्णनाचे ७८ शब्द वीस गटांत मांडलेले होते. २००५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तयार केलेली ‘डीएन-४’ ही प्रश्नावली तर आग, झिणझिण्या, बधिरता, खाज अशा मोजक्या खुणांवरून मज्जातंतूंची वेदना ओळखते. असे असूनही औषधांच्या चाचण्यांत अखेर मोजला जातो तो शून्य ते दहा यांमधील एक आकडा. ठणक्याचे सात आणि आगीचे सात या मापनात सारखेच ठरतात. मापनाची ही सोय पुढे विचारालाही सोयीस्कर वाटू लागली, आणि ‘वेदनेवर अफूजन्य औषध चालते का’ असा एकवचनी प्रश्न विचारला जाऊ लागला.

एक पत्र, अडतीस रुग्ण

पोर्टर-जिक यांच्या पत्राच्या जोडीने ज्याचा हवाला दिला गेला तो निबंध रसेल पोर्टनॉय आणि कॅथलीन फोली यांचा. १९८६ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधात कर्करोग नसलेल्या, दीर्घकाळ अफूजन्य औषधे घेणाऱ्या ३८ रुग्णांचा आढावा आहे. त्यांपैकी २४ जणांना समाधानकारक किंवा निदान चालण्याजोगा आराम मिळाला, १४ जणांना मिळाला नाही. दोघांच्या बाबतीत औषध आवरणे अवघड झाले आणि त्या दोघांनाही पूर्वी अमली पदार्थांच्या गैरवापराचा इतिहास होता. निबंधाचे हेच वाक्य पुढे सर्वत्र गाजले.

मूळ निबंध वाचला तर आणखी दोन गोष्टी दिसतात. दोन-तृतीयांश रुग्णांची दैनिक मात्रा २० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तुल्य मात्रेहून कमी होती आणि ४० मिलिग्रॅमच्या वर केवळ चौघे होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. औषधोपचारामुळे रुग्णांच्या नोकरी-व्यवसायात किंवा सामाजिक वावरात फारशी सुधारणा झाल्याचे दिसले नाही, असे लेखकांनी स्वतःच नोंदवले आहे. अल्प मात्रा, अल्प संख्या, तुलनेसाठी दुसरा गट नाही आणि आराम मिळूनही आयुष्य जेथल्या तेथे, असा हा पुरावा आहे. पुढील दशकात जी औषधे बाजारात आली त्यांतील एकेक गोळी ८० मिलिग्रॅमची होती. निबंध आणि व्यवहार यांतील हे अंतर संदर्भसूचीत दिसत नाही, कारण संदर्भसूचीत आकडे नसतात, नावे असतात.

मज्जातंतूंच्या वेदनेचा वाद

अफूजन्य औषधे मज्जातंतूंच्या वेदनेवर चालत नाहीत असे ठाम विधान १९८८ मध्ये स्टॉकहोमच्या आर्नेर आणि मायर्सन यांनी केले. ठरावीक मात्रा देऊन केलेल्या त्यांच्या चाचणीत ऊतींच्या इजेची वेदना कमी झाली, मज्जातंतूंची झाली नाही. दोनच वर्षांनी पोर्टनॉय, फोली आणि इनट्युरिसी यांनी प्रतिवाद केला. प्रतिसाद ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसतो. तो कमी-अधिक असतो, आणि आराम मिळेपर्यंत किंवा दुष्परिणाम असह्य होईपर्यंत मात्रा वाढवत नेल्याशिवाय निर्णय देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. तर्क म्हणून हा प्रतिवाद बिनतोड आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ ‘आराम नसेल तर मात्रा वाढवा’ असा झाला, आणि ‘दुष्परिणाम असह्य होईपर्यंत’ ही अट मागे पडली.

या वादाला उत्तर देणाऱ्या चाचण्यांत कॅनडातील इयान गिलरॉन व सहकाऱ्यांची २००५ मधील चाचणी विशेष वाचनीय आहे. मधुमेहामुळे किंवा नागिणीनंतर मज्जातंतूंची वेदना जडलेल्या ५७ रुग्णांना मॉर्फिन, गाबापेन्टिन, दोहोंचे मिश्रण आणि सौम्य गुंगी आणणारी, वेदनेवर प्रत्यक्ष परिणाम न करणारी गोळी असे चारही उपचार आळीपाळीने, प्रत्येकी सुमारे पाच आठवडे देण्यात आले. सुरुवातीला शून्य ते दहा या मोजपट्टीवर सरासरी वेदना ५.७२ होती. गुंगीच्या गोळीने ती ४.४९ वर आली, गाबापेन्टिनने ४.१५, मॉर्फिनने ३.७० आणि मिश्रणाने ३.०६ वर. हे आकडे जरा थांबून पाहावेत. सर्वांत मोठी उतरण निष्प्रभ मानलेल्या गोळीनेच घडवली आहे. मॉर्फिनने त्यात जेमतेम पाऊण गुणाची भर घातली. मिश्रणात मात्र दोन्ही औषधे कमी मात्रेत पुरली. मॉर्फिन चालते, परंतु थोडेसे आणि पाच आठवड्यांपर्यंत, असा हा निष्कर्ष आहे. चाचणी पूर्ण करणारे ४१ होते, हेही विसरता येत नाही.

नाना फिनरूप व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त मज्जातंतूंच्या वेदनेवरील चाचण्यांचे एकत्रित परीक्षण केले. एका रुग्णाची वेदना निम्म्याने उतरावी यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते, हे त्यांचे परिमाण. तीव्र अफूजन्य औषधांसाठी हा आकडा ४.३, जुन्या ट्रायसायक्लिक नैराश्यशामकांसाठी ३.६ आणि प्रेगाबालिनसाठी ७.७ निघाला. आकडा जितका लहान तितके औषध प्रभावी. केवळ या हिशेबाने अफूजन्य औषधे प्रेगाबालिनच्या पुढे बसायला हवीत. शिफारशीत मात्र त्यांना तिसऱ्या पायरीवर ठेवले आहे, कारण सुरक्षिततेची चिंता. हा निर्णय योग्यच आहे. परंतु ज्या आकड्यावर एवढी भिस्त ठेवली जाते तो आकडा काही आठवड्यांच्या चाचण्यांतून आला आहे आणि नागिणीनंतरची आग वर्षानुवर्षे टिकू शकते, ही विसंगती परीक्षणाच्या आकड्याने मिटत नाही.

चाचणीची रचनाही निष्कर्षाला झुकवू शकते. एका प्रचलित पद्धतीत प्रथम सर्वांना खरे औषध दिले जाते. ज्यांना ते मानवत नाही किंवा ज्यांना गुण येत नाही ते गळतात. उरलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काहींचे औषध चालू ठेवतात, काहींना निरौषध गोळी देतात. मग औषध काढून घेतलेल्यांची वेदना वाढली की औषध प्रभावी ठरते. आता, आठवडेच्या आठवडे अफूजन्य औषध घेतलेल्या माणसाचे औषध थांबवल्यावर अंगदुखी आणि अस्वस्थता वाढणे अपेक्षितच असते. मूळ दुखणे उसळले की औषध सुटल्याचा त्रास झाला, हे या रचनेत नीट वेगळे होत नाही. विद्यार्थ्याने असा प्रबंध-आराखडा आणला तर मार्गदर्शक हाच पहिला आक्षेप घेतील.

उंदराचा पंजा

प्राण्यांवरील संशोधनाची बाजू जास्त समृद्ध आहे आणि अधिक अस्वस्थ करणारीही. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांचे ग्राही सापडले, १९७५ मध्ये अॅबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी शरीराचेच अफूसदृश द्रव्य, एनकेफॅलिन, वेगळे केले. १९८८ मध्ये बेनेट आणि शी यांनी उंदराच्या मांडीतील सायाटिक नसेभोवती चार सैल गाठी बांधून मज्जातंतूंच्या वेदनेचे प्रारूप सिद्ध केले. गाठी बांधल्यावर काही दिवसांतच तो पंजा साध्या स्पर्शालाही झटकन मागे घेतला जातो. किती जाडीच्या नायलॉनच्या तंतूने टोचल्यावर पंजा उचलला जातो, हे मोजले की वेदनेचे माप मिळते.

या प्रारूपातून एक धक्कादायक गोष्ट हळूहळू पुढे आली. नस इजा पावल्यावर मज्जारज्जूत जे बदल होतात आणि मॉर्फिनचा सराव होऊन त्याचा गुण ओसरताना जे बदल होतात, ते बरेचसे सारखेच आहेत, असे माओ, प्राइस आणि मेयर यांनी १९९५ मध्ये मांडले. दोहोंतही ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही गुंतलेले असतात. २०१६ मध्ये पीटर ग्रेस, लिंडा वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. नसेला गाठी बांधल्यानंतर दहा दिवसांनी उंदरांना केवळ पाच दिवस मॉर्फिन दिले, तर स्पर्शाने दुखण्याची अवस्था जवळपास दुप्पट काळ टिकली. मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या पेशींत दाहाची एक यंत्रणा चालू होते आणि औषध थांबल्यावरही ती विझत नाही, असा त्यांचा खुलासा आहे. त्याआधी, २००७ मध्ये, मिशेल हुक आणि सहकाऱ्यांना आढळले होते की मज्जारज्जूला मार बसल्यावर लवकर मॉर्फिन दिलेल्या उंदरांची चालण्याची क्षमता कमी प्रमाणात परत येते. अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला पहिल्या तासांत मॉर्फिन मिळणे स्वाभाविक असते. म्हणून या प्रयोगाकडे काणाडोळा करता येत नाही.

तरीही, ज्या कसोटीवर पोर्टर-जिक यांचे पत्र तपासले तीच येथेही लावली पाहिजे. ग्रेस यांचा प्रयोग नर उंदरांवरचा आहे. २०१५ मध्ये सॉर्ज, मोगिल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नसेच्या इजेनंतरच्या वेदनेत मायक्रोग्लियाची भूमिका नरांत असते, माद्यांत नसते. (हा प्रयोग लहान जातीच्या उंदरांवरचा, ग्रेस यांचा मोठ्या जातीच्या. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात आणि त्यामुळे एक अट भाषेतच गळते.) शिवाय पंजा मागे घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मधुमेही माणसाची तक्रार असते ती रात्री कोणी न टोचता होणाऱ्या आगीची, आणि ती मोजण्याची सोय नायलॉनच्या तंतूत नाही. माणसांत औषधानेच वेदना वाढते काय, याचा पुरावाही तुटपुंजा आहे. चू, क्लार्क आणि अँग्स्ट यांच्या २००६ मधील बहुचर्चित निबंधात रुग्ण सहा होते. महिनाभर मॉर्फिन घेतल्यावर त्यांना थंड पाणी अधिक झोंबू लागले, उष्णतेच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. ‘मॉर्फिन मज्जातंतूंची वेदना वाढवते’ असे सरसकट विधान या आधारावर करणे म्हणजे ‘व्यसन क्वचितच जडते’ या विधानाचीच उलटी आवृत्ती काढणे होय.

लंबक दुसऱ्या टोकाला

ही उलटी आवृत्ती निघालीही. २०१८ मध्ये एरिन क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी मिनियापोलिस येथे माजी सैनिकांच्या दवाखान्यांतील २४० रुग्णांवर वर्षभर चाललेली चाचणी प्रसिद्ध केली. एवढ्या दीर्घ मुदतीच्या चाचण्या या क्षेत्रात विरळा असल्याने तिचे मोल मोठे आहे. दैनंदिन कामात वेदनेचा अडथळा अफूजन्य गटात ३.४ आणि दुसऱ्या गटात ३.३ राहिला. वेदनेची तीव्रता अनुक्रमे ४.० आणि ३.५. म्हणजे अफूजन्य औषधांचा काहीच वरचढ लाभ नव्हता. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ३४७ रुग्णांच्या चाचणीत नव्याने उद्भवलेल्या कंबर-मानदुखीवरही ऑक्सिकोडोन निरौषध गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दोन्ही चाचण्या उत्तम आहेत. परंतु पहिलीत कंबरदुखी आणि खुबा-गुडघ्याची झीज होती, दुसरीत कंबर आणि मान. नागिणीनंतरची आग, मधुमेही पाय, मार बसलेला मज्जारज्जू यांबद्दल त्या काही सांगत नाहीत. कर्करोगाबद्दल तर मुळीच नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये दिलेल्या मात्रेच्या मर्यादा अनेक ठिकाणी काटेकोर नियमासारख्या राबवल्या गेल्या. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांचे औषध एकाएकी तोडले गेले. २०२२ मध्ये केंद्राला सुधारित मार्गदर्शन काढून या लवचीकतेच्या अभावाची दखल घ्यावी लागली. दरम्यान २०२१ मध्ये त्या देशात अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने एका वर्षात एक लाखाहून अधिक मृत्यू झाले. त्यांतील मोठा वाटा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गोळ्यांचा नव्हता. तो बेकायदा बनवलेल्या फेंटानिलचा होता.

हे अमेरिकेचे वाङ्मय भारतात जसेच्या तसे उचलण्यात धोका आहे. येथे अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात होते, नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. औषध-दुकानदारापासून रुग्णालयापर्यंत प्रत्येकाला परवान्यांची आणि शिक्षेची धास्ती होती. केरळमधील परिहार-सेवेच्या चळवळीने आणि डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी दीर्घ प्रयत्न केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधांसाठी सुलभ व्यवस्था आली. उलट ट्रामाडोल बराच काळ या कायद्याबाहेर राहिले आणि २०१८ मध्ये त्यास कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. जेथे एका रुग्णाला औषध मिळत नाही आणि दुसऱ्याला नको तितके मिळते, तेथे ‘अफूजन्य औषधे वाईट’ हे वाक्य ‘अफूजन्य औषधे निर्धोक’ या वाक्याइतकेच बेजबाबदार ठरते.

आता नव्या औषधांकडे डोळे लागले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन या औषधाला परवानगी मिळाली. ते अफूच्या ग्राहींना हात लावत नाही. मज्जातंतूंतील वेदनावाहक सोडियम-मार्गिका ते बंद करते. परवानगी तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी आहे. तिच्या आधारभूत चाचण्या पायाच्या अंगठ्याच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४८ तासांच्या होत्या. मज्जामुळांच्या दाबामुळे पायात उतरणाऱ्या कळेवर याच औषधाची मध्यम टप्प्यातील चाचणी झाली, तिचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. औषधाच्या गटात वेदना २.०२ गुणांनी उतरली होती, निरौषध गोळीच्या गटात १.९८ गुणांनी. मज्जातंतूंच्या वेदनेवरील अमेरिकी चाचण्यांत निरौषध गोळीचा प्रतिसाद वर्षागणिक वाढत गेल्याचे मोगिल यांच्या गटाने २०१५ मध्येच दाखवले होते आणि चाचण्या मोठ्या व लांब होत गेल्याशी त्याचा संबंध जोडला होता. सुझेट्रिजीनवरील पहिले परीक्षण-लेख आता लिहिले जात आहेत. त्यांत ४८ तासांचा उल्लेख शीर्षकात येतो की तळटिपेत, हे पाहण्यासारखे आहे.